बारावीनंतर अर्थशास्त्र घ्यावं का आणि त्यातून पुढं काय होतं? तासगावच्या एका मुलीला उत्तर

प्रश्न तासगाव तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. बारावी सायन्स झालीय, गणितात चांगले मार्क आहेत, पण इंजिनिअरिंगकडं ओढा नाही. तिला अर्थशास्त्र शिकायचंय. घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. वडील म्हणतात, "आर्ट्सला जाऊन पुढं काय करणार? मास्तरकीच ना?" तिनं मला तीन गोष्टी विचारल्यात: अर्थशास्त्रात नेमकं काय शिकवतात, सांगलीत बीए करावं की बाहेर जावं, आणि नोकरी कुठली आणि कधी लागते. मी सांगलीत बरीच वर्षं हा विषय शिकवला, नंतर बँकेच्या कर्ज विभागात काम केलं, आणि आता पाणीवापर संस्था, सोसायट्या, शेतमालाचे बाजार यांचे अभ्यास करते. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

अर्थशास्त्र जरूर घे. मात्र गणित सोडू नकोस. माझ्या सगळ्या उत्तरात ही एकच गोष्ट खरी महत्त्वाची आहे. आपल्याकडं "गणित नको म्हणून आर्ट्स" असं म्हणत शेकडो मुलं अर्थशास्त्राला येतात आणि तीन वर्षं व्याख्या पाठ करून बाहेर पडतात. त्यांची पदवी खोटी नसते, पण पुढच्या चांगल्या दारांपैकी निम्मी त्यांना बंद झालेली असतात आणि ते त्यांना पदवीच्या शेवटच्या वर्षी कळतं. तुझ्याकडं बारावीचं गणित आहे. हे भांडवल घरात असताना ते टाकून देऊ नकोस.

आता या विषयात काय शिकवतात ते तुझ्या घरच्याच उदाहरणानं सांगते, म्हणजे वडिलांनाही पटेल. बेदाणा मार्च-एप्रिलमध्ये तयार होतो. तेव्हा सौद्यात काढायचा, की शीतगृहात ठेवून दिवाळीच्या आधी विकायचा, हा प्रश्न दरवर्षी घरात येतच असणार. समजा आज किलोला २०० रुपये मिळतायत. सहा महिने माल ठेवला तर ते २०० रुपये अडकून पडतात. घरावर बारा टक्के व्याजाचं कर्ज असेल, तर सहा महिन्यांचं व्याज किलोमागं १२ रुपये. शीतगृहाचं भाडं समजा ४ रुपये. वजनात एक टक्का घट धर. म्हणजे ऑक्टोबरमध्ये किमान २१८ रुपये मिळाले, तरच आज विकलं असतं त्याच्या बरोबरीला आपण येतो. २१० मिळाले तर "दहा रुपये जास्त मिळाले" असं वाटतं, पण प्रत्यक्षात तोटा झालेला असतो. थांबण्यासाठी आपण जो फायदा सोडला, त्यालाच पुस्तकात संधी खर्च म्हणतात.

इथं थांबायचं नाही. मालाच्या तारणावर स्वस्त कर्ज मिळालं तर? समजा किमतीच्या पाऊण भागावर, म्हणजे १५० रुपयांवर, सहा टक्क्यांनी पैसे मिळाले. त्यावर सहा महिन्यांचं व्याज साडेचार रुपये, उरलेल्या पन्नास रुपयांवर जुन्या दरानं तीन रुपये. एकूण साडेसात. मग बरोबरीचा दर २१८ वरून साधारण २१४ वर येतो. कृषी पणन मंडळ बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण योजना चालवतं, तिच्यामागचा हिशोब हाच. शेतकऱ्याला थांबायची ताकद दिली की काढणीच्या वेळी भाव कोसळणं थोडं कमी होतं. पण सगळेच थांबले तर? मग दिवाळीआधी सगळा माल एकदम बाहेर येईल आणि तेव्हाचा भाव पडेल. आणि भावात चढउतार मोठे असतील तर कर्जात असलेल्या माणसानं किती जोखीम घ्यावी? प्रत्येक प्रश्न अर्थशास्त्रातल्या एकेका प्रकरणाकडं नेतो: अपेक्षा, समतोल, जोखीम, पतपुरवठा. ही प्रकरणं तुझे वडील अनुभवानं जगतात. तुला ती मोजायला, लिहायला आणि दुसऱ्याला पटवून द्यायला शिकायचंय.

ऊसाचं तसंच. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं एफआरपी, म्हणजे कारखान्यानं ऊसाला द्यायचा किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये ठरवला, १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे ऊसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण). त्यापुढं उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढतात. म्हणजे बारा टक्के उतारा असला तर टनाला साधारण ४,१५५ रुपये बसतात, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. वाळवा, पलूस, कराडकडच्या कुठल्याही पारावर हे गणित तोंडपाठ असतं. पण हा दर कृषी मूल्य आयोग कुठल्या खर्चाच्या आधारे सुचवतो, शेतकऱ्याच्या घरच्या माणसांची मजुरी त्यात कशी धरतात, साखरेचा बाजारभाव आणि एफआरपी यांचं नातं तुटलं की कारखान्याकडं थकबाकी का साठते, हे सांगणारी माणसं फार थोडी आहेत. आंदोलनाच्या व्यासपीठावरही ती हवीत आणि कारखान्याच्या कार्यालयातही हवीत. माझ्या मते आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांतून अर्थशास्त्राचे चांगले विद्यार्थी निघायला हवेत ते यासाठी.

आणि ते पूर्वी निघालेही आहेत. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली उभी राहिली ती साताऱ्याचे वकील रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत ते होते आणि पुढं १९६७ ते १९७१ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. साताऱ्यातलं रयतचं कॉमर्स कॉलेज त्यांच्याच नावानं आहे. वि. म. दांडेकर तर जन्मानं साताऱ्याचे. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, त्यात माणशी दिवसाला २,२५० कॅलरी एवढं अन्न मिळण्यासाठी किती खर्च लागतो हे त्यांनी काढलं: १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात वर्षाला १८० रुपये, शहरात २७०. एवढेही पैसे किती लोकांकडं नाहीत हे त्यांनी आकड्यांत दाखवलं आणि त्यानंतर देशात गरिबीवरची चर्चा अंदाजावर चालवणं अवघड झालं. दांडेकर मुळात संख्याशास्त्राचे माणूस होते हे लक्षात ठेव. आणि डॉ. आंबेडकर, ज्यांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात लागलं, त्यांची लंडनची डी.एससी. ही रुपयाच्या प्रश्नावर होती. वडील "मास्तरकीच ना?" म्हणतील तेव्हा ही नावं त्यांना सांग.

आता प्रत्यक्ष अभ्यासक्रमाकडं येते. पहिल्या वर्षी सूक्ष्म अर्थशास्त्र: मागणी, पुरवठा, ग्राहक, उत्पादक, बाजाराचे प्रकार. मग स्थूल अर्थशास्त्र: राष्ट्रीय उत्पन्न, महागाई, रोजगार, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, सरकारचं अंदाजपत्रक. पुढं सार्वजनिक वित्त, आंतरराष्ट्रीय व्यापार, भारतीय आणि महाराष्ट्राची अर्थव्यवस्था, विकासाचं अर्थशास्त्र, शेतीचं अर्थशास्त्र. बीएला हे बहुतेक शब्दांत आणि आकृत्यांत शिकवतात. बीएस्सी अर्थशास्त्राला तेच कलनशास्त्र आणि संख्याशास्त्र वापरून शिकवतात, आणि त्यात अर्थमिती येते. अर्थमिती म्हणजे आकडेवारीवरून कारण आणि परिणाम वेगळे करण्याचं शास्त्र. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यावर आटपाडीत डाळिंब वाढलं का, की ते तसंही वाढणार होतं? हा प्रश्न ऐकायला सोपा आहे. पण त्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर पाणी आलेली गावं आणि न आलेली गावं, आधीची वर्षं आणि नंतरची वर्षं, हे सगळं जुळवून बघावं लागतं. आजच्या अर्थशास्त्रातला सर्वात जिवंत भाग हाच आहे.

सांगली की पुणे? घरची ऐपत आणि तुझी तयारी, दोन्ही बघून ठरव. बारावीत गणित असल्यानं तुला बीएस्सी अर्थशास्त्राचे पर्याय खुले आहेत. पुण्यात गोखले संस्थेत तो अभ्यासक्रम आहे. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला सीयूईटी या प्रवेशपरीक्षेत गणित सक्तीचं आहे, आणि तुला ते जड जाऊ नये. शक्य असेल तर यांतलं एखादं कर. पण पुण्या-दिल्लीचा खर्च झेपत नसेल तर त्यासाठी जमीन गहाण टाकू नये, हे मी अगदी स्पष्ट सांगते. सांगलीत विलिंग्डन कॉलेज १९१९ पासून आहे, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आहे, जिथं कर्मवीर अण्णांची कमवा आणि शिका योजना रुजली. पदवी इथं आणि पदव्युत्तर शिक्षण बाहेर, हा रस्ता मी अनेक मुलांना सुचवलाय आणि तो चालतो. अट एकच: कॉलेजात प्रवेश घेताना अर्थशास्त्राबरोबर गणित किंवा संख्याशास्त्र हा विषय मिळतो का ते आधी विचार. नव्या शैक्षणिक धोरणात दुय्यम विषय निवडायची सोय आहे, पण प्रत्येक कॉलेजात प्रत्येक जोडी मिळत नाही. वेळापत्रक बसत नाही म्हणून क्लार्क "ते नाही होत" म्हणाले तर विभागप्रमुखांना भेट. ते नाहीच झालं तर स्वयम् आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचांवर कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, संख्याशास्त्र यांचे अभ्यासक्रम मोफत आहेत. संध्याकाळी तासभर बसून ते करता येतात.

भाषेचं एक सांगते, कारण गावाकडच्या मुलींना मी यावर अडखळताना पाहिलंय. शिवाजी विद्यापीठाच्या बीएला मराठीत लिहिता येतं आणि समजून घ्यायला मराठीच उत्तम. पण पहिल्या वर्षापासून प्रत्येक संकल्पनेचा इंग्रजी शब्द वहीत शेजारी लिहीत जा आणि दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला एक उत्तर इंग्रजीत लिहून शिक्षकांना दाखव. देशपातळीवरच्या एमएच्या बहुतेक प्रवेशपरीक्षा इंग्रजीत असतात आणि भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा तर इंग्रजीतच द्यावी लागते. तीन वर्षांत हळूहळू झालं तर ते ओझं वाटत नाही. एमएच्या पहिल्या महिन्यात एकदम अंगावर आलं तर हुशार मुलगीही कोपऱ्यात बसायला लागते.

एमए किंवा एमएस्सीसाठी आपल्या भागातल्या मुलांना फक्त कोल्हापूर आणि पुणे माहीत असतं. कोल्हापूरचा शिवाजी विद्यापीठाचा विभाग जवळचा आणि खर्चाला सोसणारा आहे, तिथून शिकून चांगली पदं मिळवलेली माणसं मी ओळखते. पण अर्ज सगळीकडं कर. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग १९२१ सालचा, देशातल्या जुन्या विभागांपैकी एक. मुंबईतच गोरेगावला इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, ती रिझर्व्ह बँकेनं उभी केली. भारतीय सांख्यिकी संस्थेचा संख्यात्मक अर्थशास्त्राचा एमएस अभ्यासक्रम कोलकाता आणि दिल्लीला आहे, त्याला विद्यावेतनही मिळतं. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि जेएनयूला सीयूईटी-पीजीमधून जाता येतं. आयआयटींच्या जॅम या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. या सगळ्या परीक्षांत एक गोष्ट समान आहे: गणित आणि संख्याशास्त्र. म्हणून मी सुरुवातीपासून तेच तेच सांगते आहे.

आता नोकऱ्या. यावर सविस्तर लिहिते, कारण वडिलांचा प्रश्न तोच आहे आणि तो रास्त आहे.

सरकारी रस्त्यांत सर्वात थेट म्हणजे भारतीय आर्थिक सेवा. १९६१ साली सुरू झालेली ही केंद्राची सेवा. परीक्षा यूपीएससी घेतं, अर्थशास्त्राची किंवा त्याच्या उपशाखेची पदव्युत्तर पदवी लागते, वय २१ ते ३०, राखीव गटांना सवलत. इंग्रजी आणि सामान्य ज्ञानाचे शंभर-शंभर मार्कांचे दोन पेपर, अर्थशास्त्राचे दोनशे मार्कांचे चार, आणि दोनशेची मुलाखत. सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, त्यावर भत्ते. जागा दरवर्षी मोजक्याच निघतात. पण नागरी सेवेला लाखो मुलं बसतात, तशी गर्दी इथं नसते, आणि जी मुलं बसतात त्यांनाही विषय खोलवर येतोच असं नाही. सांगली-साताऱ्यातली पोरं पुण्यात पेठेतल्या खोल्यांत राहून पाच-सहा वर्षं राज्यसेवेची तयारी करतात, आणि त्यातल्या अर्थशास्त्राच्या एमए झालेल्यांनाही ही परीक्षा असते हे माहीत नसतं. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

रिझर्व्ह बँकेत ग्रेड बी अधिकाऱ्यांच्या भरतीत आर्थिक व धोरण संशोधन विभागाच्या जागा वेगळ्या असतात, त्यांना अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. सर्वसाधारण ग्रेड बीला कुठलीही पदवी चालते, पण त्यातही आर्थिक-सामाजिक प्रश्नांचा पेपर आहे. नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेच्या ग्रेड ए परीक्षेत शेती आणि ग्रामीण विकासाचा पेपर असतो. शेड, बाग, सोसायटी, पाणी हे लहानपणापासून बघितलेल्या मुलीला तो पेपर शहरातल्या मुलापेक्षा सोपा जायला हवा. नाबार्डचा अधिकारी जिल्ह्यात येऊन जिल्ह्याची कर्जक्षमता ठरवतो, कुठल्या तालुक्यात कुठल्या पिकाला किती पतपुरवठा लागेल याचा आराखडा करतो. हे काम मला सगळ्या नोकऱ्यांत सर्वात अर्थपूर्ण वाटतं.

राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी काढतं आणि जिल्ह्याजिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचनही. प्रत्येक जिल्ह्याला सांख्यिकी कार्यालय आहे. सांख्यिकी सहायक, संशोधन सहायक अशा पदांच्या जाहिराती येतात, त्यांवर लक्ष ठेव. केंद्राकडं कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी होता येतं. त्याला बारावीच्या गणितात साठ टक्के, नाहीतर पदवीला संख्याशास्त्र विषय, अशी अट असते. बघ, इथं तुझं बारावीचं गणित पुन्हा कामाला आलं. हेच अधिकारी घरोघरी जाऊन राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण करतात. २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या सर्वेक्षणात खेड्यात माणशी महिन्याला सरासरी ३,७७३ रुपये आणि शहरात ६,४५९ रुपये खर्च निघाला. दांडेकर-रथांनी पन्नासएक वर्षांपूर्वी जे काम केलं, त्याला असलीच आकडेवारी लागली होती.

खासगी क्षेत्रात अर्थशास्त्रज्ञ असा फलक लावून भरती फार कमी होते. नोकरीचं नाव ॲनालिस्ट असतं. पतमानांकन संस्था, बँकांचे कर्ज आणि जोखीम विभाग, विमा, सल्लागार कंपन्या, शेतमालाच्या व्यापारातल्या कंपन्या यांना आकड्यांवरून निष्कर्ष काढून दोन पानांत स्वच्छ लिहून देणारी माणसं लागतात. मुलाखतीत एक्सेल फाईल देऊन "यात काय दिसतं?" असं विचारतात. आकडेवारी हाताळायची आर किंवा पायथन ही संगणकाची भाषा येत असेल तर पगारात फरक पडतो. बँकेत असताना मी नव्या मुलांना द्राक्ष बागायतदाराचं कर्जप्रकरण द्यायचे. बहुतेक जण सातबारा, उतारे, जामीनदार तपासायचे आणि थांबायचे. एका मुलीनं छाटणीच्या तारखा विचारल्या. ऑक्टोबर छाटणी लवकर घेतली असेल तर माल बाजारात लवकर येतो, भाव बरा मिळतो, पण परतीच्या पावसात फुलोरा सापडला तर डाऊनी हा बुरशीचा रोग येऊन सगळंच जातं. म्हणून तिनं हप्त्याची तारीख आणि विम्याची रक्कम वेगळी सुचवली. ती बीए, एमए अर्थशास्त्र, कवठेमहांकाळकडची. गावाकडचं ज्ञान आणि विषयाची शिस्त एकत्र आली की काय होतं ते त्या एका प्रकरणात मला दिसलं.

विकास क्षेत्रातल्या संशोधन संस्था हा आणखी एक रस्ता. सरकारी किंवा संस्थांच्या योजनांचा खरोखर परिणाम होतो का हे मोजण्याचं काम त्या करतात. २०१९ चं नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्यूफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळालं ते याच पद्धतीच्या कामासाठी. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि गावोगाव फिरावं लागतं. पण दोन वर्षांत जे शिकायला मिळतं ते कुठल्या वर्गात मिळत नाही, आणि परदेशी पीएचडीसाठी हा अनुभव मोलाचा धरतात.

मास्तरकीबद्दल खरं तेच सांगते. नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा पास होऊन अनुदानित कॉलेजात पूर्णवेळ सहायक प्राध्यापक झालं तर मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं आणि आयुष्य स्थिर होतं. पण पूर्णवेळ जागा कमी निघतात आणि दरम्यान वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारी, तीन कॉलेजांत एसटीनं फिरणारी हुशार माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत. शिकवायची मनापासून ओढ असेल तर नेटला कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसह पास हो. महिन्याला ३७,००० रुपये मिळतात आणि पीएचडी सन्मानानं होते. "दुसरं काही नाही म्हणून शिकवते" अशा कारणानं मात्र या वाटेला जाऊ नकोस.

"नोकरी कधी?" याचा हिशोब वडिलांपुढं आत्ताच मांड. पदवीची तीन वर्षं, चौथं वर्ष ऐच्छिक. एमएची दोन. स्पर्धा परीक्षेला एक-दोन वर्षं. म्हणजे वरच्या दर्जाच्या नोकरीला साधारण सहा-सात वर्षं लागतात. घरची परिस्थिती अशी असेल की एकविसाव्या वर्षी पगार हवाच, तर पदवीनंतर आयबीपीएसची बँक परीक्षा दे. तिला कुठलीही पदवी चालते, आणि नोकरीत राहून एमए बाहेरून करता येतं. त्यात कमीपणा काही नाही. फक्त आधी ठरवून कर. तिसऱ्या वर्षाच्या निकालानंतर घाबरून घेतलेला निर्णय बहुधा चुकतो. यूपीएससी, राज्यसेवेला अर्थशास्त्र वैकल्पिक विषय घेता येतो, तो पर्याय उघडाच राहतो. पण फक्त त्याच्यासाठी पदवी घेऊ नकोस.

पहिल्या वर्षापासून एक गोष्ट कर, ती कुठल्या मार्कात येत नाही. दर आठवड्याला तासगाव बाजार समितीतल्या बेदाण्याच्या सौद्याचे भाव लिहून ठेव: हिरवा, पिवळा, काळा, किमान, कमाल, आवक. सांगली मार्केट यार्डात हळदीचंही तसंच. ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर देशभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव मोफत मिळतात, त्यांच्याशी ताडून बघ. तीन वर्षांत तुझ्याकडं स्वतः जमवलेली आकडेवारी असेल. एमएच्या मुलाखतीला ती वही घेऊन जा. दुसऱ्या वर्षी प्रकल्प करायची वेळ येईल तेव्हा पाठ्यपुस्तकातला विषय घेऊ नकोस. खानापूर-आटपाडीच्या माणसांनी दुष्काळामुळं गाव सोडून देशभर सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा, म्हणजे गलाईचा, धंदा उभा केला. तो पैसा गावाकडं कसा येतो, जमिनीत जातो, बंगल्यात जातो की शाळेत, हे कुणी नीट मोजलंय? विटा परिसरातली पाच गावं घे, चाळीस-पन्नास घरांना भेट. अशा प्रकल्पावर दिल्लीतल्या मुलाखतीत अर्धा तास बोलता येतं, कारण समोरच्याला ते माहीत नसतं आणि तुला डोळ्यांनी बघितलेलं असतं.

प्रवेशाच्या आधी एवढं करून घे. विलिंग्डनसकट सांगलीतल्या दोन-तीन कॉलेजांत जाऊन अर्थशास्त्राबरोबर गणित किंवा संख्याशास्त्राची जोडी मिळते का ते लेखी विचार. गोखले संस्थेची प्रवेशाची अट आणि वसतिगृहासकट तीन वर्षांचा एकूण खर्च कागदावर मांड आणि तो वडिलांना दाखव. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता किंवा तुमच्या प्रवर्गाला लागू असलेली शिष्यवृत्ती मिळते का हे महाडीबीटीवर बघ, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेव, कारण जूनमध्ये सेतूत रांग लागते. आणि वडिलांना एकदा बेदाण्याचा तो २१८ चा हिशोब तुमच्या खऱ्या आकड्यांनी करून दाखव: तुमचं व्याज, तुमच्या शीतगृहाचं भाडं, गेल्या तीन दिवाळ्यांचे भाव. ते आकडे त्यांच्याकडं नक्की असतील.